प्रोबेशनवरचं पिल्लू

आमच्या मॅडमच्या घरात कॅलेंडर खिडकीच्या ग्रिलला सुतळीनं बांधलेलं असायचं. वारा सुटला की फडफड फडफड, आणि आम्ही एप्रिलमधून थेट नोव्हेंबरात. राहायला आले त्याच आठवड्यात मी साळसूदपणे विचारलं, "मॅडम, भिंतीला एक खिळा मारू का?"

त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडे असं बघितलं, की मी जणू बाल्कनीत म्हैस बांधायची परवानगी मागत होते.

"खिळा? आणि उद्या जायचं झालं म्हणजे?"

"कुठं जायचं झालं म्हणजे?"

"कुठंही. भोकं कोण बुजवणार मग?"

आता यातली गंमत अशी, की घर त्यांचं स्वतःचं होतं. गुडगावातल्या नव्या कोऱ्या सोसायटीत, सहाव्या मजल्यावर, दोन बेडरूमचं. (तेव्हा गुडगावला कुणी गुरुग्राम म्हणत नव्हतं. एका बाजूला काचेच्या इमारती, दुसऱ्या बाजूला मोहरीची शेतं आणि मधे पाण्याचे टँकर.) पण मॅडमनी अख्खी नोकरी केंद्र सरकारच्या एका मंत्रालयात काढली होती आणि अख्खं आयुष्य दिल्लीच्या लक्ष्मीबाई नगरातल्या सरकारी क्वार्टरमध्ये. क्वार्टर जसं मिळालं तसं परत करायचं असतं, हे त्यांच्या हाडीमांसी खिळलेलं. रिटायर झाल्यावर त्यांनी ते केलंही तसंच. रंग द्यायला आलेला माणूस म्हणे शेजाऱ्यांना विचारत होता, इथं कुणी राहत होतं का?

तर स्वतःच्या घरातही बाई स्टेशनच्या वेटिंग रूममध्ये बसल्यासारख्या राहत. खाट फोल्डिंगची, टेबल फोल्डिंगचं, खुर्च्या फोल्डिंगच्या. फ्रिज अजून थर्माकोलवर उभा. टीव्हीचा रिकामा खोका माझ्या पलंगाखाली, त्यामुळे माझी बॅग कायम वाटेत. कढीपत्ता लावलेला तोही रंगाच्या रिकाम्या बादलीत, का? तर बादलीला कडी असते, उचलून नेता येतं. बुद्धाची छोटी मूर्ती टेबलावर, आणि आईचा फ्रेम केलेला फोटो जमिनीवर, ट्रंकेला टेकवून. ट्रंकेवर पांढऱ्या रंगात मॅडमचं नाव आणि खाली 'नागपूर'. केर काढताना फोटो उचलायचा, पुसायचा, परत टेकवायचा. हे काम त्या स्वतः करत, कामवाल्या बाईला करू देत नसत.

तूरडाळ एका वेळी एकच किलो यायची. मी एकदा पाच किलोची पिशवी उचलून आणली तर मला दुकानात परत पाठवलं. "एवढी डाळ कोण वाहून नेणार? बदली झाली तर?"

"मॅडम, तुम्ही रिटायर झालात."

"तर काय झालं?" त्या म्हणाल्या.

मी परभणीची. एका परदेशी कंपनीच्या अकाउंट्समध्ये नोकरी लागली म्हणून दिल्लीला आले आणि आई-बाबांनी 'घर मराठीच पाहिजे' असा धोशा लावला. कुणाच्या तरी ओळखीनं मॅडमकडे पेइंग गेस्ट म्हणून जागा मिळाली. मुलाखत माझ्या नोकरीच्या मुलाखतीपेक्षा लांबली. शेवटी मी लाडीगोडी लावत म्हटलं, "मी तुम्हाला मावशी म्हणू ना?"

"नको. मावशी हे पक्कं नातं असतं. तुझं अ‍ॅग्रीमेंट अकरा महिन्यांचं आहे. मॅडम म्हण."

पहिले तीन महिने मी प्रोबेशनवर होते. विनोद नाही, खरंच. फ्रिजचा खालचा कप्पा मला कन्फर्म झाल्यावर मिळाला. तोवर माझं दही बाहेरच आंबत असे. गीझर बिघडला होता, त्याबद्दल विचारलं की उत्तर एकच, "विचाराधीन आहे." पंख्याचा आवाज येतो? विचाराधीन आहे. भावाला चार दिवस बोलावू का? विचाराधीन आहे. हा शब्द त्या इतक्या शांतपणे उच्चारत की आपला प्रश्न कुठल्या तरी थंड, अंधाऱ्या कपाटात गेला आणि आता तो पुन्हा दिसायचा नाही, हे आपोआप कळायचं.

रोज सकाळी नऊच्या ठोक्याला त्या स्टार्च केलेली सुती साडी नेसून टेबलाशी बसत. ऑफिस नाही, फाइल नाही, समोर फक्त वर्तमानपत्र. पण बसणं असं, की साडीच्या घडीलाही कळू नये. संध्याकाळपर्यंत इस्त्री मोडायची नाही. खालचा गार्ड 'आंटीजी नमस्ते' म्हणाला की थांबून, पूर्ण वळून, "आंटी नहीं, मॅडम," असं सांगायच्या. तो रोज म्हणायचा, त्या रोज सांगायच्या.

सोसायटीच्या एका मीटिंगमध्ये दुसऱ्या लिफ्टचा विषय निघाला. दुसरी लिफ्ट म्हणजे प्लायवूड ठोकलेलं एक भोक होतं. बिल्डरचा माणूस गोड हसून म्हणत होता, बस हो जाएगा, थोड़े दिन की बात है. मॅडम उभ्या राहिल्या. "थोड़े दिन कितने दिन? मैं बताऊँ? मैंने थोड़े दिन देखे हैं." आणि खाली बसल्या. सगळे हसले. मीही हसले. ही बाई नेमकं काय बोलली, ते मला पुष्कळ नंतर कळलं.

समोरच्या फ्लॅटमध्ये भाटियाजी राहत. दिल्लीच्या राजौरी गार्डनमधून आलेले, दिलदार, मोठ्या आवाजाचे. नव्या जमान्यानं त्यांना एकच गोष्ट शिकवली होती, एक्स्चेंज. जुना टीव्ही द्या, नवा घ्या. जुनी गाडी द्या, नवी घ्या. दर दिवाळीला त्यांच्या घरातली एखादी चालती वस्तू जाई आणि जास्त चकाकणारी येई. मॅडमचा फोल्डिंग संसार बघून ते कळवळायचे. "मॅडमजी, लाइफ एन्जॉय करो यार!" मॅडम म्हणत, "नोट कर लिया."

अशा बाईच्या घरी मांजर आलं.

आलं म्हणजे काय, कूलरमध्ये सापडलं. दिल्लीत मार्च संपत आला की बाल्कनीतला कूलर उघडून त्याचं गवत बदलायचं असतं. मॅडमनी कूलरची बाजू काढली आणि आत एक करड्या रंगाचं, मुठीएवढं पिल्लू. बाकीची भावंडं आईनं उचलून नेली असावीत. हे एकटंच कोपऱ्यात, तोंड उघडतंय पण आवाज नाही.

"हात लावू नकोस," मॅडम म्हणाल्या. "आई येईल त्याची. तोवर तात्पुरती व्यवस्था करू."

तात्पुरती व्यवस्था म्हणजे बशीत दूध, जुना टॉवेल आणि कूलर बंद. कूलरचा ताबा पिल्लाकडे आहे, तेव्हा तो आपल्याला वापरता येणार नाही, असा निर्णय झाला. एप्रिल गेला. मे उजाडला. बाहेर लू सुटलेली, घरात आम्ही दोघी ओले पंचे मानेवर टाकून बसलेल्या आणि तिकडे कूलरमध्ये साहेब पाय ताणून झोपलेले! आई काही आली नाही. मी म्हटलं, "मॅडम, आता आपणच ठेवून घेऊ याला. एखादं छानसं नाव ठेवू."

"नाव? कन्फर्म व्हायच्या आधी?" मॅडमचा चेहरा बघण्यासारखा झाला. "नाव ठेवलं की संपलं. आधी प्रोबेशन. बघू या स्वभाव कसा आहे, नियमित आहे की नाही."

तोवर त्याचा उल्लेख 'उमेदवार' असा होऊ लागला. "उमेदवारानं दूध प्यायलं?" "उमेदवार कढीपत्त्याच्या बादलीत काय करतोय?" पुढे कळलं की उमेदवार मादी आहे. मॅडमनी त्याचीही दखल घेतली आणि 'तोय'चं 'तेय' केलं. पदनाम बदललं नाही.

आणि हो, आपलं प्रेमबिम काही नाही, असंच त्या दाखवत. पण मी कधी मधेच खोलीतून बाहेर आले तर उमेदवार त्या कडक इस्त्रीच्या मांडीवर असे आणि मॅडम वर्तमानपत्र वाचत असल्यासारखं करत, पान न उलटता. साडीला पंजाची नखं लागून धागे निघालेले. मला बघून म्हणत, "निरीक्षण चालू आहे."

पावसाळा सुरू होता होता त्यांनी जाहीर केलं की आता उमेदवाराला कन्फर्म करायला हरकत नाही. बर्फीचा डबासुद्धा आणला. मात्र एक गोष्ट राहिली होती. सरकारी नोकरीत पक्कं व्हायचं तर मेडिकल फिटनेस लागतो.

"मॅडम, मांजराचा फिटनेस?"

"नियम सगळ्यांना सारखा."

मी कपाळावर हात मारून घेतला. धडधाकट मांजर, सगळ्या घरभर उड्या मारतंय, आणि ही बाई तिला पासिंगला नेणार! पण त्या दिवशी मला सुट्टी होती आणि करमणूक फुकट होती, म्हणून गेले बरोबर. उमेदवार मॅडमच्या ऑफिसच्या जुन्या रेक्झिनच्या बॅगेत, चेन अर्धी उघडी, त्यातून दोन कान बाहेर.

सोसायटीच्या मागच्या गावात जनावरांचा सरकारी दवाखाना होता. मॅडमचा सरकारवर विश्वास. तिथला डॉक्टर धिप्पाड हरियाणवी, बाहेर दोन म्हशी उभ्या. तो म्हणाला, "मॅडमजी, मैं तो भैंसों वाला डॉक्टर हूँ. बिल्ली तो मेरे पास कोई लाता नहीं." तरी त्यानं उमेदवाराला उचललं, डोळे बघितले, दात बघितले, पोटावरून बोटं फिरवली. आणि बोटं थांबली. पुन्हा फिरवली, पुन्हा तिथंच थांबली.

"यहाँ कुछ है जी. गाँठ जैसी. गुर्दे की जगह." त्यानं दिल्लीतल्या एका दवाखान्याचा पत्ता दिला, मशीन होतं तिथं. निघताना सहज म्हणाला, "माँ छोड़ गई थी ना? माँ को पता चल जाता है जी. कमजोर को छोड़ जाती है."

मॅडमनी बॅगेची चेन तेवढी आणखी थोडी उघडली, वारा लागावा म्हणून.

दक्षिण दिल्लीतला तो दवाखाना म्हणजे दुसरंच जग. एसी, सोफे, आणि सोफ्यांवर मालकांपेक्षा जास्त रुबाबात बसलेली कुत्री. काउंटरवरची मुलगी म्हणाली, "पेट का नाम?"

"अभी रखा नहीं."

"नाम तो चाहिए मॅम. बुलाएँगे कैसे?"

मॅडमनी क्षणभर विचार केला. "उम्मीदवार."

थोड्या वेळानं भर दवाखान्यात पुकारा झाला, "उम्मीदवार! उम्मीदवार अंदर आइए!" लॅब्राडोरवाले एक गृहस्थ दचकून म्हणाले, "कौन सी पार्टी से?" मी फसकन हसले. मॅडम हसल्या नाहीत. ताठ मानेनं बॅग घेऊन आत गेल्या.

आत एक तरुण डॉक्टर मुलगी होती. तिनं मशीन लावून बघितलं, दोनदा बघितलं. मग समजावून सांगितलं. डावी किडनी पाण्यानं फुगून टम्म झालेली. लघवी खाली नेणारी नळी जन्मापासूनच बंद असावी. किडनी काढून टाकावी लागेल, तीही लगेच, नाहीतर ती पिकणार आणि पिल्लू फार दिवस काढणार नाही. उजवी किडनी मशीनवर ठीक दिसतेय, एका किडनीवर मांजर मजेत जगतं. पण ती काम किती करते, ते आत्ता खात्रीनं सांगता येत नाही. आणि एवढासा जीव, भुलीतून उठेल की नाही, हेही नाही सांगता येत.

"विचाराधीन," मॅडम बोलल्या आणि मधेच थांबल्या.

"सोचने का टाइम नहीं है, आंटी," डॉक्टर मुलगी हळू आवाजात म्हणाली. "कल सुबह कर लेते हैं."

मी वाट बघत होते. आता वळतील, आता सांगतील, आंटी नहीं, मॅडम. त्या वळल्याच नाहीत. उमेदवाराच्या कानामागे बोट फिरवत राहिल्या.

संध्याकाळी भाटियाजी धावत आले. त्यांना मनापासून वाईट वाटलं होतं, माणूस खरंच चांगला. "बिल्ली का ऑपरेशन? इतनी सी जान का? मॅडमजी, क्यों तकलीफ देती हो बेचारी को. जाने दो इसे. नीचे इतनी घूमती हैं, एक और ले आएँगे, बिल्कुल ऐसी ही."

मॅडम ट्रंकेवर बसल्या होत्या. म्हणाल्या, "भाटियाजी, प्रोबेशन में कोई बीमार पड़ जाए तो प्रोबेशन बढ़ाते हैं. निकालते नहीं." आणि माझ्याकडे वळून मराठीत, "नियम आहे तसा."

असा नियम खरंच आहे की नाही, मला आजही माहीत नाही. आमच्या काचेच्या ऑफिसात तरी नव्हता. तिथं त्याच महिन्यात एका मुलीला कावीळ झाली आणि ती बरी होऊन आली तेव्हा तिच्या खुर्चीवर दुसरी मुलगी बसली होती.

दुसऱ्या दिवशी मी ऑफिसला दांडी मारली. उमेदवाराला आत नेलं तेव्हा तिनं मॅडमच्या पदराला पंजा अडकवला होता, तो सोडवताना पदर टर्रकन फाटला. मॅडमनी तो तसाच कमरेला खोचला. आम्ही बाहेर बाकावर बसलो.

पहिला काही वेळ त्या ऑफिसात बसल्यासारख्या ताठ बसल्या होत्या. मग हळूहळू त्यांच्या तोंडातलं ते प्रमाण मराठी, दिल्लीत एवढी वर्षं इस्त्री करून ठेवलेलं, मोडायला लागलं. "काय करून राहिली वो ती पोरगी आत? इतका वेळ काऊन लागून राहिला?" मी चमकून बघितलं. हे नागपूर मी त्यांच्या तोंडून कधी ऐकलं नव्हतं.

"लागतो वेळ, मॅडम. ऑपरेशन आहे."

"तो म्हशीचा डॉक्टर म्हणे आईला कळते म्हणून. काही नाही कळत आईले! काय कळते?" त्यांचा आवाज वर चढला. कालचा लॅब्राडोर आजही आला होता, तो मान वर करून बघायला लागला. "माझ्या आईले तरी काय कळलं होतं? एकवीस वर्षांची होती मी. नागपूर स्टेशनवर म्हणे, जाय माय, रडू नको, थोड्या दिवसांची गोष्ट हाय. बदली मागून घेजो. मी दर वर्षी मागितली. दर वर्षी. सामान बांधूनच ठेवत होती मी, उगाच उशीर नको व्हायला."

"मग?"

"मग काय. विचाराधीन होती." त्या समोरच्या भिंतीकडे बघत होत्या. "आई गेली तवाही विचाराधीनच होती."

एवढे महिने मी त्या शब्दाची टिंगल केली होती, ऑफिसात मैत्रिणींना नक्कल करून दाखवली होती. आता तो हसण्यासारखा राहिला नाही. मी त्यांचा हात हातात घेतला. त्यांनी तो काढून घेतला नाही, ही त्यांच्या मानानं फार मोठी गोष्ट होती.

दुपारी डॉक्टर मुलगी बाहेर आली, मास्क गळ्यात, कपाळावर घाम. किडनी निघाली. पिल्लू भुलीतून बाहेर येतंय. "लेकिन अभी खुश मत होइए. अब दूसरी किडनी पर है सब. शाम तक यूरिन आ गई तो समझो चल रही है. नहीं आई तो..."

म्हणजे आता आम्हाला वाट बघायची होती ती मांजराच्या मुताची. केंद्र सरकारची रिटायर्ड अंडर सेक्रेटरी आणि परदेशी कंपनीची अकाउंटंट, दोघी एका टॉवेलकडे डोळे लावून बसलेल्या! उमेदवाराच्या पोटावर पट्टी, डोळे अर्धे मिटलेले, अंग गार. ऊब मिळावी म्हणून डॉक्टरनं तिला मॅडमच्या मांडीवर दिलं. भाटियाजींचे माझ्या मोबाइलवर फोनवर फोन. तेव्हा इनकमिंगलासुद्धा पैसे पडायचे, पण त्यांना कोण सांगणार. "सूसू हुई?" नाही. "अब हुई?" नाही हो! काउंटरवरची मुलगी येऊन बघून गेली. लॅब्राडोरवाले निघाले होते ते परत येऊन बसले. म्हणाले, घर जाकर चैन नहीं पड़ेगा.

चार वाजले, पाच वाजले. टॉवेल कोरडा. डॉक्टर मुलगी दोनदा येऊन गेली, दुसऱ्या खेपेला तिनं आमच्याकडे न बघताच सलाइनचा वेग वाढवला. मॅडम पुटपुटत होत्या. मला वाटलं, बुद्धवंदना म्हणतायत. कान देऊन ऐकलं तर म्हणत होत्या, "कर वो माय. कर. लाजू नको. इथं कोणी काही म्हणत नाही तुले."

आणि मग त्या एकदम बोलायच्या थांबल्या. मांडीकडे बघितलं. ती फिकट जांभळी, स्टार्चची, इस्त्रीची साडी, तिच्यावर एक ओला डाग हळूहळू पसरत होता.

"झाली!" मॅडम ओरडल्या. "माय वो, झाली! डॉक्टर! हो गई! भरपूर हो गई!"

डॉक्टर मुलगी धावत आली, बघितलं आणि चक्क टाळी वाजवली. मॅडम हलेनात. साडी बदलू या म्हटलं तर नको, ती झोपलीय. मग म्हणाल्या, "ती बॅग घे. खालच्या कप्प्यात बघ." बघते तर बर्फीचा डबा! पठ्ठी सकाळीच घेऊन निघाली होती, मला न सांगता. मी सगळ्या दवाखान्याला बर्फी वाटली. आत्ताच आलेल्या एका बाईनं विचारलं, "किस खुशी में?" काउंटरवरची मुलगी म्हणाली, "उम्मीदवार की सूसू हो गई." त्या बाईनं बर्फी तशीच हातात धरली. मी मात्र रडत होते, आणि हसतही होते, आणि मॅडम तर उघड उघड रडत होत्या.

उमेदवार घरी आली ती एक काम घेऊन. पुढचे काही दिवस तिच्या कातडीखाली रोज थोडं सलाइन सोडायचं होतं. सुई कशी टोचायची ते डॉक्टरनं मॅडमना शिकवलं. बाटली मात्र उंचावर पाहिजे. आता आमच्या घरात उंचावर काय होतं? काहीच नाही. सगळं जमिनीवर. खिडकीचं ग्रिल लांब पडायचं, आणि तिकडे नेलं की उमेदवार बाहेरचे पारवे बघून उड्या मारायला बघायची. तेव्हा स्टँड म्हणून माझी नेमणूक झाली. मॅडम ट्रंकेवर, मांडीवर मांजर, आणि मी शेजारी हात वर करून स्वातंत्र्यदिनाच्या झेंड्यासारखी उभी. खांदा गळून पडायची वेळ आली. एकदा मी हात बदलला, बाटली हलली, नळी ओढली गेली आणि उमेदवार कळवळून ओरडली. तोवर तिचा आवाज आम्ही नीट ऐकलाच नव्हता.

मॅडमनी सुई काढली. उमेदवाराला टॉवेलवर ठेवलं. माझ्या हाताकडे बघितलं, मग भिंतीकडे बघितलं. बराच वेळ बघितलं. आणि उठून समोरच्या घराची बेल वाजवली.

"भाटियाजी, हथौड़ी है?"

भाटियाजी हातोडी घेऊन आले आणि खिळ्यांचा डबाही. "लाओ मॅडमजी, मैं ठोक देता हूँ. कहो तो ड्रिल मशीन ले आऊँ, नई ली है."

"नाही," मॅडम म्हणाल्या. भाटियाजींशी मराठीत. "मी मारते."

पहिला खिळा वाकला. दुसरा उडून कढीपत्त्याच्या बादलीत पडला. बिल्डरच्या प्लास्टरचा एक पोपडा निघून खाली आला, तेव्हा मी डोळे मिटून घेतले. त्यांनी पोपड्याकडे ढुंकूनही बघितलं नाही. बांगड्या मागे सारल्या, पदर खोचला आणि दणके घालायला लागल्या. एक, एक, आणखी एक. बाईच्या अंगात एवढा जोर आहे हे मला माहीतच नव्हतं. खालच्या मजल्यावरून कुणीतरी ओरडलं. तिसरा खिळा आत गेला. तिरका गेला, पण गेला. मॅडमनी तो धरून हलवून बघितला, बाटली अडकवली आणि म्हणाल्या, "आता तू बस."

दहा-बारा दिवसांत टाके निघाले, सलाइन बंद झालं, आणि उमेदवार पुन्हा कढीपत्त्याची माती उकरायला लागली. खिळा राहिला. आजूबाजूचं प्लास्टर उडालेलं, त्यामुळे दिसायला अगदीच भिकार. भाटियाजी म्हणाले, कील निकालकर पुट्टी मरवा लो, पता भी नहीं चलेगा. मॅडम म्हणाल्या, नोट कर लिया. मी समजले, जाणार खिळा.

एका संध्याकाळी ऑफिसातून आले. दार उघडंच होतं. टीव्हीचा खोका, फ्रिजचा खोका, थर्माकोल, सगळं दाराबाहेर कबाडीवाल्यासाठी रचून ठेवलेलं. आत मॅडम खुर्चीवर उभ्या होत्या, मांजर खाली शेपटी उभारून बघत होती. आणि एरवी जमिनीवर ट्रंकेला टेकवलेला आईचा फोटो आता भिंतीवर होता, त्या खिळ्याला.

मी म्हटलं, "उमेदवार खुर्चीच्या पायाशी आहे, मॅडम, उतरताना जपून."

"उमेदवार म्हणू नकोस तिला आता. पक्की आहे ती. चांगलंसं नाव शोध." खाली उतरत त्या म्हणाल्या. "आणि मॅडम काय मॅडम? मावशी म्हण."

फोटो डावीकडे कलला होता. खिळाच तिरका, फोटो तरी सरळ कसा राहणार? मी पुढे होऊन म्हटलं, "मावशी, खिळा काढून नीट मारू का? सरळ बसेल."

मावशी पंख्याखाली बसल्या. पंखा अजून तसाच कुरकुरत होता. मांजरीनं त्यांच्या मांडीवर उडी मारली आणि साडीला नखं लावली. त्यांनी फोटोकडे बघितलं.

"राहू दे गं," त्या म्हणाल्या. "आता कुठं जायचंय?"